ब्राउझर आपला, मग हुकूम कुणाचा?



आमच्या बचत गटांतल्या काही घरी मुलांच्या अभ्यासासाठी संगणक आला आणि हळूहळू त्याच्यावर गटाचा हिशेब, वीजबिल, बँकेचे व्यवहारही होऊ लागले. म्हणून आज आम्ही ब्राउझर हायजॅकबद्दल बोलणार आहोत.

ब्राउझर उघडला की नेहमीच्या पानाऐवजी भलतंच पान येतं. शोधतो एक, दिसतं दुसरंच. जाहिराती थांबत नाहीत. म्हणजे आपल्या ब्राउझरचा ताबा दुसऱ्याने घेतला आहे, असं समजावं. हा नुसता त्रास नाही. बँकेचा मदत क्रमांक शोधताना खोटा क्रमांक पुढे आला आणि आपण त्यावर ओटीपी सांगितला, तर गटाचे पैसेही जाऊ शकतात.

हे घरात शिरतं कसं? बहुतेकदा फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर. आपण न वाचता 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत जातो आणि आधीच टिक केलेल्या चौकटीतून नको ते आत येतं. २०१७ साली उघडकीला आलेला 'फायरबॉल' असाच शिरायचा आणि होमपेज, सर्च इंजिन बदलायचा.

आता उपाय. क्रम महत्त्वाचा आहे, कारण मूळ सॉफ्टवेअर राहिलं तर दुखणं परत येतं.

पहिलं, विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'ॲप्स' उघडून अलीकडे आलेलं, अनोळखी सॉफ्टवेअर काढून टाका. दुसरं, क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवरून 'एक्स्टेन्शन्स'मध्ये जा आणि आपण न घेतलेली काढा. तिसरं, क्रोमच्या सेटिंग्जमधून 'रिसेट' करा. जपून ठेवलेले पासवर्ड आणि बुकमार्क त्याने पुसले जात नाहीत. चौथं, 'विंडोज सिक्युरिटी'तून पूर्ण तपासणी करा. ती विंडोजमध्येच असते, वेगळे पैसे लागत नाहीत. त्यानंतर बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड बदला.

पुन्हा होऊ नये म्हणून मुलांसाठी संगणकावर वेगळं, साधं खातं काढा. मग बहुतेक सॉफ्टवेअर बसवताना तुमचा पासवर्ड विचारला जाईल. यात मुलांवर अविश्वास नाही. कपाटाची किल्ली मोठ्यांकडे असते, तसंच हे. कुठल्याही पानाने 'अलाऊ' दाबायला सांगितलं, तर आधी 'कशासाठी?' हे वाचा. 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असं पान आलं, तर फोन करू नका, पान बंद करा.

बँकेचा क्रमांक पासबुकावरून किंवा एटीएम कार्डाच्या मागून घ्या. पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितके पैसे अडवणं अवघड.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं यासाठी ठेवा. ज्या घरी संगणक आहे, तिथे दोघी-तिघींनी मिळून हे करून पाहा. एकीला जमलं की ती दुसरीला शिकवेल. आपले गट असेच तर वाढले आहेत.