दिल्लीतले मर्ढेकर

पालकांनो आणि आत्ताच लेझीम खेळून दमून बसलेल्या मुलांनो,

मी आकाशवाणीत मराठी बातम्या वाचायचे. त्यामुळे आज त्याच आकाशवाणीतल्या एका माणसाबद्दल बोलणार आहे. बाळ सीताराम मर्ढेकर. वरच्या वर्गातल्यांना त्यांची ओळख ‘नवकवितेचे प्रवर्तक’ एवढीच असेल. तेवढ्यावर परीक्षेत गुण मिळतात, पण माणूस कळत नाही.

मर्ढेकरांचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं मर्ढे, जन्म खानदेशातल्या फैजपूरचा, 1 डिसेंबर 1909 चा. आयसीएस व्हायला ते लंडनला गेले. ती परीक्षा काही साधली नाही, पण तिथे ते युरोपची चित्रं, संगीत आणि नवं साहित्य यांत बुडून गेले. परत आल्यावर इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि 1938 मध्ये आकाशवाणीत लागले. ही बदल्यांची नोकरी. आज या शहरात, उद्या त्या. तुमच्यापैकी कितीतरी जणांचे आईबाबा बदलीनेच दिल्लीला आले असतील, तेव्हा हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. शेवटी मर्ढेकरही इथेच होते. 20 मार्च 1956 रोजी दिल्लीतच ते गेले. वय अवघं सेहेचाळीस.

त्यांचा पहिला संग्रह ‘शिशिरागम’ 1939 चा. हळवा, सुरेल, बालकवी आणि माधव ज्यूलियन यांची सावली त्यावर स्पष्ट दिसते. दुसरा, ‘काही कविता’, 1947 चा. दोन्ही एकाच माणसाचे, हे चटकन खरं वाटत नाही. मधल्या आठ वर्षांत महायुद्ध झालं, बंगालमध्ये दुष्काळ पडला, हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. गिरण्या, लोकलगाड्या आणि गर्दीत चिरडलेली माणसं त्यांच्या कवितेत आली. पिंपात मेलेल्या उंदरांवरही त्यांनी कविता लिहिली आणि मोठं वादळ उठलं. या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला. कवी स्वतः सरकारी नोकर! त्या दिवसांत ऑफिसात जाऊन बसणं किती अवघड गेलं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. ते निर्दोष सुटले. 1951 मध्ये त्यांचा पुढचा संग्रह आला, ‘आणखी काही कविता’. त्या शीर्षकातला निश्चय मला फार आवडतो.

त्यांनी तीन कादंबऱ्याही लिहिल्या: ‘रात्रीचा दिवस’, ‘तांबडी माती’ आणि ‘पाणी’. मनात जसे विचार येतात, तसेच ते कागदावर उतरवायचे, ही संज्ञाप्रवाहाची रीत 1942 मध्ये ‘रात्रीचा दिवस’मधून मराठीत आली. त्याच दशकात इंग्लंडमध्ये फिलिप लार्किन या तरुण ग्रंथपालाने दोन कादंबऱ्या लिहिल्या आणि पुढे तो कवी म्हणूनच गाजला. मर्ढेकरांचंही तसंच झालं. कादंबऱ्या मागे पडल्या, कविता उरली. मला ते योग्यच वाटतं.

आता मला खरं सांगायचं आहे ते. मर्ढेकरांनी इंग्रजीतला कवी एलियट वाचला होता, कादंबरीकार जॉइस वाचला होता. पण यंत्रयुगाच्या यातना मांडायला त्यांनी छंद निवडले ते ज्ञानोबा-तुकोबांचे, ओवी आणि अभंग. इंग्रजी शब्दांना त्यांनी मराठी क्रियापदांचे प्रत्यय लावले. मुलांनो, तुम्ही मेट्रोत हिंदी बोलता, वर्गात इंग्रजी लिहिता आणि घरी आजीशी मराठीत भांडता. अशाने मुलांची मराठी बिघडते, ही काळजी इथले पालक मला नेहमी बोलून दाखवतात. पालकांनो, मर्ढेकरांच्या डोक्यात लंडन होतं, आकाशवाणीचं कामकाज होतं आणि तुकाराम होता. यातलं काहीही वजा केलं असतं, तर ती कविता झाली नसती. मुलांची हिंदी-इंग्रजी कमी करू नका. घरातला तुकाराम वाढवा.

आपल्या मंडी हाउसजवळच्या साहित्य अकादमीने 1956 चा मराठीचा पुरस्कार मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथाला मरणोत्तर दिला. पुढे 1993 मध्ये विजया राजाध्यक्षांना हाच पुरस्कार मिळाला, तो मर्ढेकरांच्या कवितेवर लिहिलेल्या ग्रंथासाठी.

खुद्द मर्ढेकरांच्या कवितांच्या ‘मर्ढेकरांची कविता’ या पुस्तकाच्या काही प्रती मी शाळेच्या ग्रंथालयासाठी आणल्या आहेत. माघातल्या सकाळी जागं होणारं मुंबई बंदर ज्या कवितेत आहे, तिथून सुरुवात करा. अडलं तर आजी-आजोबांना मोठ्याने वाचायला सांगा. अभंगाची लय त्यांच्या कानात आहे. आणि दहावीच्या मुलांनो, शाळेच्या पुढच्या संमेलनात यातल्या दोन कविता तुम्ही या रंगमंचावर म्हणायच्या. मी ऐकायला येणार आहे.