चोखोबांच्या अंगावरची भिंत

(शताब्दी सोहळ्यात, काल्याच्या आदल्या रात्री झालेल्या प्रवचनाचा मजकूर)



सोहळा आहे, चार शब्द गोड बोलावेत, असं आम्हालाही वाटत होतं. पण शंभर वर्षांचा हिशेब मांडायचा तर जमेच्या बाजूबरोबर येणं-देणंही मांडावं लागतं. म्हणून आज एका भिंतीविषयी बोलतो. रागावू नका.

चोखोबा आपल्या जिल्ह्याचे. देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा हे त्यांचं जन्मगाव, असं परंपरा सांगते. त्याचा आपल्याला केवढा अभिमान! वारीत मंगळवेढ्याला पोचलो की आपण कथा सांगतो. तिथं गावकुसाचं काम चाललं होतं, भिंत पडली, चोखोबा गेले. साल 1338. मग नामदेवराय आले, ढिगाऱ्यातली हाडं कानाला लावून पाहिली, ज्यांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती पंढरीला नेली आणि महाद्वारासमोर समाधी दिली. ही कथा आम्ही स्वतः शेकडो वेळा सांगितली असेल. लोकांच्या डोळ्यांना पाणी आणलं आहे.

पण एक गोष्ट आमच्या फार उशिरा ध्यानात आली. आपण म्हणतो, “भिंत पडली.” जसा पाऊस पडला, तशी भिंत पडली! त्या भिंतीखाली चोखोबांना उभं कुणी केलं, हे आपल्या कथेत येतच नाही. ते काही मजुरीला गेले नव्हते. ती वेठ होती. वेठ म्हणजे काय, हे आता पोराबाळांना सांगावं लागतं, बरं का. अधिकाऱ्याचा माणूस दारात यायचा आणि “चल” म्हणायचा. घरात बाळंतीण असो, अंगात ताप असो, चलायचं. दाम नाही आणि नाही म्हणायची सोय नाही. आणि हाडं कान लावून ओळखावी लागली, म्हणजे ढिगाऱ्यात चोखोबा एकटे नव्हते. बाकीच्यांची हाडं कुणाची होती? त्यांना नावं नाहीत. आम्हीही इतकी वर्षं विचारलं नाही.

बरं, चोखोबा काही मुके नव्हते. देवाच्या दारात मार खाल्ला तो त्यांनी अभंगात सांगितला. सोयराबाईंनी, कर्ममेळ्यानं थेट विठोबाला जाब विचारला. आपण ते अभंग टाळावर म्हणतो, ताल चुकू देत नाही, आणि अर्थ मात्र टाळाच्या आवाजात बुडवतो. समाधी महाद्वारासमोर राहिली, आणि त्यांच्या जातभाईंना त्या पायरीच्या आत जायला 1947 चा मे महिना उजाडावा लागला. तोही साने गुरुजी दहा दिवस उपाशी राहिले तेव्हा. 1338 ते 1947, करा वजाबाकी. वेठीचंही तसंच. महार वतनाच्या नावाखाली चाललेली राबणूक थांबावी म्हणून बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं. कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा झाला 1958 साली.

आता कुणी म्हणेल, महाराज, झालं ते झालं, आता कुठं वेठ राहिली? संविधानाच्या 23 व्या कलमानं वेठबिगारीला बंदी आहे, 1976 चा वेठबिगार निर्मूलनाचा कायदा आहे. खरं आहे. पण आपल्या वाटेवर गंगाखेड लागतं. जनाबाईंचं गाव. लहानपणीच परक्या घरी राबायला गेलेली ती पोर, जन्मभर स्वतःला नामयाची दासी म्हणवून घेत राहिली. देवानं तिच्याबरोबर दळण दळलं, हे आपण कौतुकानं सांगतो. मग आमच्या मनात येतं, आपल्या घरच्या दळणाला कोण आहे?

आषाढी येते ती पेरणीच्या दिवसांत. आपण मालक लोक पताका घेऊन निघतो, आणि मागं तिफणीवर सालदार असतो. पाडव्याला त्याचं साल ठरतं, थोडी उचल दिली जाते. पोरीच्या लग्नाला आणखी घेतो, ती फिटत नाही, म्हणून पुढलं सालही आपल्याकडंच. त्यानं म्हटलं, “मालक, यंदा मी येऊ का वारीले?” तर आपण म्हणतो, “अरे, पेरणी उरकू दे, पुढल्या वर्षी पाहू.” आमच्या घरी वडिलांच्या वेळचे एक सालदार होते. बावीस वर्षं त्यांचं पुढलं वर्ष आलं नाही. ते गेले तेव्हा आम्ही पंढरपुरात होतो. उचल फिटेस्तोवर माणूस सोडायचा नाही, हे त्या 1976 च्या कायद्यात बसत नाही. असं कर्जच तो कायदा बाद धरतो. हे आम्हाला ठाऊक नव्हतं, असं सांगून सुटता येईल का?

आणखी एक देणं आहे, ते सांगायला जड जातं. काही वर्षांमागची गोष्ट. गावाबाहेरच्या पारध्यांच्या बेड्यावरचा एक पोरगा आपल्या दिंडीत यायचा. पखवाज शिकत होता. इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 मध्ये उठला, पण लोकांच्या नजरेतला उठला नाही. शिवारातली पाण्याची मोटर चोरीला गेली आणि पोलिसांनी याला उचलला. त्या रात्री तो आपल्या कीर्तनात बसला होता. आम्ही पाहिला होता, तुमच्यापैकी दहा-बारा जणांनी पाहिला होता. त्याची आई आमच्या ओट्यावर आली. म्हणाली, “महाराज, तुमी फकस्त एवढं सांगा ना त्यायले, का तो इथं होता.” आम्ही म्हटलं, उद्या जाऊ. उद्या एकादशी होती. परवा कुणाला सवड नव्हती. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा पोरगा सुटला होता. मोटर दुसरीकडंच सापडली होती. त्याच्या तळपायांवर सूज होती. कुणी मारलं, विचारलं तर म्हणाला, “पडलो.”

पहा, तोच शब्द! भिंत पडली, पोरगा पडला. पाडणारा कुठंच नाही.

परभणी आपल्या वाटेवरचं शहर. तिथल्या एका तरुणाचा डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. पोलिसांवर गुन्हा नोंदवा, एवढं सांगायलासुद्धा उच्च न्यायालय लागलं, आणि जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तो आदेश कायम करावा लागला. सगळे पोलीस असे नसतात. वारीत उन्हापावसात आपली वाट मोकळी करून देणारेही पोलीसच असतात, त्यांच्या पायीही आपण हात लावतो. पण हातात काठी असलेल्या माणसाला कुणी पाहत नसलं की त्याचं काय होतं, हे चोखोबांच्या काळापासून आपल्याला ठाऊक आहे.

त्या पोराचं घडल्यावर आम्ही एका वकील माळकऱ्याकडं बसून समजून घेतलं. धरलेल्या माणसाला चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं, प्रवासाचा वेळ तेवढा सोडून. सर्वोच्च न्यायालयानं 1996 साली डी. के. बसू खटल्यात आणखी नियम घालून दिले. अटकेचा कागद करायचा, त्यावर वेळ-तारीख लिहायची, घरच्यांना कळवायचं, दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरकडून तपासणी. आणि त्या कागदावर साक्षीदाराची सही लागते, घरच्या माणसाची, नाहीतर त्या भागातल्या प्रतिष्ठित माणसाची.

प्रतिष्ठित माणूस म्हणजे कोण हो? गळ्यात माळ, कपाळी बुक्का, ज्याच्या शब्दाला गाव मान देतं तो. ती बाई त्या सहीसाठीच आली होती. तिला कायदा ठाऊक नव्हता, पण नेमक्या दारात आली होती. आम्ही एकादशी धरली.

तेव्हा आम्ही दिंडीच्या बैठकीत दोन गोष्टी मांडल्या आहेत. आपल्या भजनाच्या वहीच्या शेवटच्या पानावर हे नियम छापायचे, आणि गावातल्या कुणालाही उचललं तर दिंडीतल्या दोघांनी त्याच रात्री ठाण्यावर जायचं. भांडायला नाही, नुसतं बसायला, कागद मागायला. पहिलं नाव आमचं लिहा. दुसरी गोष्ट, ज्याच्या घरी सालदार आहे त्यानं एक वर्षाआड तिफण स्वतः धरायची आणि त्याला वारीला पाठवायचं, पगार न कापता. यावर बैठकीत बरीच कुरकुर झाली, ती आमच्या कानावर आहे.

पखवाज शिकणारा तो पोरगा आता वीटभट्टीवर जातो. मागच्या महिन्यात आम्ही बेड्यावर जाऊन त्याची आणि त्याच्या आईची माफी मागितली. तिनं पाणी दिलं. पखवाज अजून आपल्या देवळातच आहे, खोळ शिवून ठेवली आहे.