दुकान ही पण एक शाळाच

(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षकाने शाळेविषयी बोलावे अशी आपली अपेक्षा असणार. मी आज दुकानाविषयी बोलणार आहे. परंतु माझ्या मते दुकान ही पण एक शाळाच आहे. तेथे आपण रोज फी भरतो आणि काय शिकलो ते महिनाअखेरीस कळते.

माझ्या लहानपणी अम्मी चिठ्ठी लिहून मला दुकानात पाठवी. तूरडाळ दोन किलो, साखर तीन किलो, चहा पाव किलो. माल सगळा शेठजींच्या पाठीमागे आणि मी फळीच्या अलीकडे. एकदा चिठ्ठीत नसलेला बिस्किटांचा पुडा मी मागितला. शेठजी म्हणाले, "आधी अम्मीला विचारून ये." मला त्यांचा फार राग आला होता. आज वाटते, घरच्या खर्चावर पहारा देणारा तो एक माणूस होता.

म्हणून जुने ते सगळे सोने होते, असे मात्र मी म्हणणार नाही. आमचे खाते वहीवर असे आणि ज्याची उधारी आहे तो भाव विचारू शकत नाही. शेठजी ज्या कंपनीचा चहा ठेवीत, तोच आमच्या घरी येई. दुसरा चहा आम्ही कधी चाखलाच नाही. आजही मला तोच चहा चांगला लागतो. मग ही आवड माझी म्हणायची की शेठजींची? दुकान आपली आवड घडवते ते असे, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

पुढे दुकानाची रचनाच बदलली. १९१६ साली अमेरिकेतील मेंफिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स या गृहस्थाने 'पिग्ली विग्ली' नावाचे दुकान काढले. त्याने मधली फळी काढून टाकली. गिऱ्हाइकाने टोपली घ्यावी, आत शिरावे, हवे ते स्वतः उचलावे आणि बाहेर पडताना पैसे द्यावेत. आतली वाट मात्र अशी आखली होती, की बाहेर पडेपर्यंत सगळा माल नजरेखालून जावा. १९३७ साली ओक्लाहोमा शहरातील सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराच्या लक्षात आले, की टोपली जड झाली की माणूस खरेदी थांबवतो. त्याने टोपल्यांना चाके लावली. हात दुखेनासा झाला आणि खरेदी वाढली. सुरुवातीला लोक ती गाडी ढकलायला लाजत. तेव्हा ती ढकलत फिरण्यासाठी त्याने पगारी माणसे ठेवली. लोकांनी त्यांचे पाहून गाडी हाती घेतली.

आपल्या देशात २००१ साली 'बिग बझार' आणि २००२ साली 'डी-मार्ट' सुरू झाले. हळूहळू ती पद्धत जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावीही पोहोचली. तिचे फायदे आहेत. भाव छापलेला असतो, पावती मिळते, अनेक जिन्नस स्वस्त पडतात. बायाबापड्यांना कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. पण तेथे "आधी घरी विचारून ये" असे सांगणारा कोणी नसतो. रोज लागणारी वस्तू आत शेवटी ठेवलेली असते. ज्या मालाचा खप वाढवायचा तो डोळ्यांच्या उंचीवर आणि लहान मुलांचा खाऊ मुलांच्या उंचीवर. पैसे देण्याच्या रांगेत चॉकलेटे टांगलेली, कारण तेथे थांबावेच लागते.

मी हे शहाणपण पुस्तकातून शिकलो नाही. एका रविवारी मी तेल आणि साबण आणायला अशाच एका दुकानात गेलो आणि दोन मोठ्या पिशव्या भरून घरी आलो. त्या महिन्यात मुलीचा चष्मा करायचा होता. तो पुढच्या पगारावर गेला. पंधरा दिवस ती वर्गात पुढच्या बाकावर बसून डोळे बारीक करून फळा वाचत होती. मला कोणी फसवले नव्हते. प्रत्येक वस्तू मीच माझ्या हाताने उचलली होती. हेच मला जास्त लागले.

आता तर दुकान खिशातल्या मोबाईलमध्ये आले आहे. बोट लावले की माल दाराशी येतो. पैसे हातातून जाताना दिसत नाहीत, म्हणून गेल्यासारखे वाटतही नाहीत.

मग उपाय काय? मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून एक वाट दाखवली आहे. शेजारपाजारची कुटुंबे एकत्र येऊन संघ करतात, महिन्याला काय लागेल याची यादी आधीच देतात आणि तेवढा माल त्यांना मिळतो. गरज घरात बसून ठरते, ही त्यातली खरी गोम आहे. असा संघ उद्या इथे निघेल न निघेल. पण यादी तर प्रत्येक घर करू शकते.

विद्यार्थी मित्रांनो, ती यादी तुम्ही लिहा. रमजानचा आणि ईदचा बाजार असेल तर आधी लिहा, कारण त्या दिवसांत हात सैल सुटतो. दुसरे, पुड्यावरचा मजकूर वाचा. १९९० पासून पुड्यावर सर्व करांसह कमाल किंमत छापावी लागते. कमाल म्हणजे त्यापेक्षा जास्त घेता येत नाही. कमी घेता येते. २०२१ साली नियम बदलला आणि ठराविक वजनाच्याच पुड्याचे बंधन गेले. म्हणून पुडा तोच दिसला तरी वजन पाहा. त्याच दुरुस्तीने ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापण्याची तरतूद आली आहे, तो दर ताडून पाहा. नऊशे ग्रॅमला २७० रुपये आणि किलोला २९० रुपये, यात स्वस्त कोणते? हे गणित पाचवीतले आहे, पण दुकानात आपण ते करत नाही. मोठा पुडा नेहमी स्वस्तच असतो असेही नाही. शांपूची लहान पुडी कित्येकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते.

आपल्यापैकी काही पालकांची स्वतःची दुकाने आहेत. त्यांना माझी विनंती आहे. मोठ्या दुकानाशी भावात टिकणे कठीण आहे, हे मी जाणतो. पण पावशेर सुटी डाळ देणे, अडल्यानडल्याला चार दिवस थांबणे आणि पोराला "घरी विचारून ये" म्हणणे, हे तुम्हीच करू शकता. त्याला छापील भाव आणि पावती यांची जोड द्या. गिऱ्हाईक तुम्हाला सोडणार नाही.

माझ्या मुलीला आता चष्मा आहे. घरची यादी तीच लिहिते. गेल्या महिन्यात मी यादीबाहेरचा एक डबा उचलला, तेव्हा तिने विचारले, "अब्बा, हे कुठे लिहिलंय?" मी तो डबा परत फळीवर ठेवला.