हरपलेलें सांपडविण्याचें काम

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सप्ताहांत सायंकाळच्या सभेपुढें केलेलें भाषण)



महोत्सव-समितीनें आम्हांस धर्मग्रामाच्या इतिहासावर बोलण्यास सांगितलें होतें. तो इतिहास आमच्याहून जाणत्या वडीलधाऱ्यांनीं स्मरणिकेसाठीं लिहून दिलाच आहे. तेव्हां आज आम्ही अशा विषयावर बोलणार आहों कीं ज्यावरून तरुण मंडळी पाठीमागें आमची थट्टा करतात. कानांस यंत्र लावून, हातांतील दांडी डावीउजवीकडे फिरवीत चालणारा आपला धर्मगुरु आपण भुईगांवच्या किंवा कळंबच्या किनाऱ्यावर पाहिला असेलच. 'फादर खजिना शोधतात' असें मुलें म्हणतात. खजिना आम्हांस एकदांही सांपडला नाहीं. बाटल्यांचीं झांकणें, खिळे व मासेमारीचे गळ मात्र टोपलीभर सांपडले. आणि त्यांच्याच सोबतीनें गेल्या सहा वर्षांत सात अंगठ्या, दोन सांखळ्या व एक कर्णफूल हीं ज्यांचीं त्यांस परत गेलीं. परदेशांत नोकरी करून परतलेल्या एका भाविकानें, गुडघे चालेनासे झाल्यावर, आपला मेटल डिटेक्टर आमच्या हवालीं केला, तेव्हांपासून हें सुरू आहे.

यंत्राची रीत थोडक्यांत सांगतों. दांडीच्या टोकाला ताटलीएवढें चक्र असतें व त्यांत तांब्याच्या तारेचे वेढे असतात. त्यांतून दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह खेळविला म्हणजे खालच्या मातींत चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. तेथें धातु असल्यास तिच्यांत बारीक भोवऱ्यांसारखे प्रवाह उठतात, त्यांची चाहूल चक्रास लागते, आणि कानांत सूर वाजतो. सोन्याला चुंबक ओढीत नाहीं, पण तें विजेचें उत्तम वाहक आहे. म्हणून तें लपूं शकत नाहीं. अडचण अशी कीं पातळ अंगठीचा सूर आणि चॉकलेटच्या चंदेरी कागदाचा सूर पुष्कळदां एकसारखे असतात. जो कंटाळून कागद सोडून देतो, तो सोनेंही सोडून देतो.

ह्या यंत्राचा पहिला गाजलेला प्रयोग सोन्यासाठीं नव्हता. १८८१ सालीं जुलैच्या २ तारखेस अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड ह्यांस गोळी लागली. टेलिफोनमुळें विख्यात झालेले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्यांनीं घाईनें एक शोधक सिद्ध करून रुग्णाच्या शय्येपाशीं नेला. बिछान्यांतील पोलादी तारांनीं घोटाळा केला, असें सांगतात. आम्हांस अधिक विचार करावयास लावते ती दुसरी गोष्ट. गोळी उजव्या अंगास आहे असा मुख्य डॉक्टरांचा ग्रह होता, आणि त्यांनीं तेवढ्याच बाजूस शोधूं दिलें. १९ सप्टेंबरास अध्यक्ष वारले. शवचिकित्सेंत गोळी डाव्या अंगास सांपडली. पुढें दुसऱ्या महायुद्धांत पोलंडचे लेफ्टनंट यूझेफ कोसात्स्की ह्यांनीं सुरुंग शोधणारें यंत्र तयार केलें, व १९४२ सालीं तें एल् अलामेनच्या वाळवंटांत सैन्यापुढें चाललें. आमच्या हातांतील दांडी त्याच घराण्यांतली.

किनाऱ्यावरचें काम निराळें. ओल्या खाऱ्या वाळूंतून वीज वाहते, म्हणून साधें यंत्र तेथें उगाच बडबडतें. सोनें वाळूच्या सहापटींहून अधिक जड. लाटांच्या हालचालीनें तें खालीं उतरत जातें आणि कठीण थरावर थांबतें. आमचे कोळीबांधव उधाण व भांग आम्हांहून बरें जाणतात. त्यांच्या सल्ल्यानें आम्ही अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची ओहोटी साधतों, कारण तेव्हां पाणी दूरवर जातें. एका नवविवाहित तरुणाची अंगठी चेंडू फेकतांना उडाली होती. त्याला त्याच जागीं उभें करून पुनः तसाच चेंडू फेकावयास लावला. जेथें हात वळला त्या दिशेला अर्ध्या तासांत अंगठी मिळाली.

कायद्याविषयीं दोन शब्द. सांपडलेली वस्तु सांपडविणाऱ्याची, ही समजूत खोटी आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या ७१ व्या कलमाप्रमाणें ती उचलून ताब्यांत घेणारा तिचा केवळ सांभाळकर्ता होय. जमिनींत दडलेला दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सांपडल्यास १८७८ च्या कायद्यानें कलेक्टरांस कळवावें लागतें. वसईच्या किल्ल्यांत चला, असा आग्रह धरणाऱ्या मुलांस आम्ही सांगतों कीं तें संरक्षित स्मारक आहे, तेथें खणावयाचें नाहीं. मोबदला आम्ही घेत नाहीं. दोनदां नारळ घेतले, तेवढें कबूल करतों.

आतां ज्या गोष्टीकरितां उभे राहिलों ती सांगतों. नांवें घेत नाहीं. संबंधित बाईंनीं परवानगी दिली आहे, आणि त्या ह्या सभेंत बसल्या आहेत.

एका सकाळीं त्या आमच्याकडे आल्या. लग्नाची अंगठी तीन दिवसांपासून नाहींशी झाली होती. स्वयंपाकघराच्या खिडकींत काढून ठेवली, हें त्यांस पक्कें आठवत होतें. संत अंतोनीची प्रार्थना करा, असें त्या म्हणाल्या. आम्ही विचारलें, "त्या वेळीं घरांत आणखी कोण होतें?"

प्रश्न साधा वाटतो. परंतु त्याचें उत्तर एकच होतें: पूर्वेकडील पाड्यावरून भांडीं घासावयास येणारी मुलगी. बाईंनीं तिचें नांव तोंवर कोणापुढें काढलें नव्हतें. धर्मगुरूंनीं विचारलें म्हणून काढलें. त्या आठवड्यांत तें नांव चार घरीं गेलें. तिला कोणी चोर म्हटलें नाहीं. फक्त दुसऱ्या घरानें सांगितलें, सध्यां काम नाहीं. तिसऱ्या घरानें तिच्या देखत कपाटाला कुलूप लावलें. मग ती येईनाशी झाली. तेव्हां बाई पुनः आल्या आणि म्हणाल्या, "बघा फादर, स्वतःच पळाली."

तें ऐकून आम्हांस त्या डॉक्टरांची उजवी बाजू आठवली. आम्ही यंत्र घेऊन त्यांच्या घरीं गेलों व दुसरा प्रश्न विचारला, जो पहिला असावयास हवा होता: त्या दिवशीं आपण काय काय केलें? बाजारांतून मासळी आणली, मागील दारीं बसून साफ केली. पाणी कोठें टाकलें? नारळीच्या बुडाशीं, रोजच्यासारखें. मासळी साफ करतांना अंगठी काढतां? एरव्हीं काढतें, खिडकींत ठेवतें. त्या दिवशीं? येथें बाई थांबल्या. काल केलेलें स्मृति आजच्या नांवावर घालते, हा आमचा अनुभव अनेक घरचा आहे. थंड ओल्या पाण्यानें बोटें आकसतात, त्यांवर माशाचा बुळबुळीतपणा. अंगठी निसटतांना कळतही नाहीं.

पहिल्या सायंकाळीं तीन झांकणें आणि एक जुनी बिजागरी निघाली. दुसऱ्या दिवशीं, आळ्याच्या कडेला, दोन बोटें खोल, खवल्यांच्या थराखालीं अंगठी मिळाली. बाई रडल्या. आम्हांसही घाम पुसण्याचें निमित्त करावें लागलें, पण तें त्यांच्या आनंदानें नव्हे.

त्यांनीं पाकीट पुढें केलें. आम्ही म्हणालों, "हें नको. आपण दोघेही पाड्यावर जाऊं. निरोप पाठवूं नका." त्या दोन दिवस आल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं मिस्सेनंतर दाराशीं उभ्या होत्या. दोन बसगाड्या बदलून आम्ही गेलों. बाईंनीं अंगणांत, शेजारपाजारच्या देखत, आपली चूक सांगितली. मग आम्ही आमची सांगितली. मुलगी झोंपडीच्या आंतच राहिली. तिच्या आईनें पाणी दिलें. बाईंनीं पुनः कामावर या म्हटलें. आईनें नाहीं म्हणून मान हालविली, रागानें नव्हे. मुलगी आतां वसईरोडला एका दुकानांत आहे. बाई ज्या घरीं ज्या घरीं बोलल्या होत्या तेथें स्वतः जाऊन अंगठी दाखवून आल्या; चारपैकीं एका घरीं दार उघडलें नाहीं.

निघतांना त्या आईनें आमच्या दांडीकडे बोट केलें. ती आम्ही संवयीनें बरोबर नेली होती. "फादर, ह्यानं चांदी सांपडते का? लावणीच्या वेळीं माझं एक जोडवं गेलं, त्या पलीकडच्या शेतांत."

आम्ही सांगितलें कीं चांदीचा सूर सोन्याहून स्वच्छ येतो, पण शेतांत अजून पाणी आहे व पीक उभें आहे, तुडवतां येणार नाहीं. तिनें कोणत्या बांधापासून कोठवर आवणी केली होती तें हातानें दाखविलें, आणि आम्ही तें कागदावर काढून घेतलें. कापणी झाली म्हणजे ती निरोप पाठविणार आहे.