पुढच्या रविवारी चहा आणू

आज छोटासाच एपिसोड. अँजिओप्लास्टीनंतर बाबांनी घराबाहेर चालणंच सोडलं होतं. डॉक्टरांची परवानगी होती, पण मनातली भीती जाईना. डिसेंबरात एका रविवारी सकाळी मी त्यांना बोरिवलीच्या नॅशनल पार्कात नेलं. पहिल्यांदा १ किलोमीटर, मग २. मी मोबाईलवर स्टेप्स मोजायचो, ते झाडं ओळखायचे. जानेवारीत बसने कान्हेरीला गेलो आणि लेण्यांच्या पायऱ्या चढलो. हळूहळू, थांबत थांबत. वर कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं बघत बाबा म्हणाले, "पुढच्या रविवारी थर्मासमधून चहा आणू." पुढच्या रविवारचं ते स्वतःहून बोलले, बस्स! तुम्हीही घरच्यांना घेऊन जा, थंडी आहे तोवर. फक्त सोमवारी नको, पार्क बंद असतं.