मोतीबिंदूची चाहूल



वर्गातील मुलास फळा दिसेनासा झाला की आम्ही शिक्षक त्याच्या पालकांस चिठ्ठी धाडीत असू. घरातील वृद्धांसाठी अशी चिठ्ठी कोण धाडणार? मोतीबिंदूत बाहुलीमागील पारदर्शक भिंग हळूहळू गढूळ होते. बहुधा डोळा लाल होत नाही, दुखतही नाही. म्हणून ‘वय झाले’ असे म्हणून वडीलधारी मंडळी गप्प राहतात. खुणा घरच्यांनीच ओळखावयास हव्यात.

धुक्यातून पाहिल्यासारखे दिसणे, चष्म्याचा नंबर वारंवार बदलणे, रात्री मोटारीच्या दिव्यांनी डोळे दिपणे, दिव्याभोवती वलये दिसणे, पांढरा सदरा पिवळट भासणे, या त्या खुणा होत. आजोबा एकाएकी चष्म्यावाचून पोथी वाचू लागले, तर हर्षून जाऊ नये. तीही कित्येकदा मोतीबिंदूचीच चाहूल असते.

थेंबांनी मोतीबिंदू विरघळत नाही. शस्त्रक्रिया हाच उपाय. १९४९ साली लंडनमध्ये डॉ. हॅरल्ड रिडली यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले. आज बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी परततात. म्हणून ‘पिकू द्या’ हा जुना सल्ला सोडावा. अतिपक्व मोतीबिंदूने डोळ्यातील दाब वाढून दृष्टी कायमची जाऊ शकते. डोळा लाल होऊन ठणकू लागला, तर त्याच दिवशी नेत्रवैद्य गाठावा.

आमची विनंती एवढीच : आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांस एकेक डोळा झाकून भिंतीवरील दिनदर्शिका वाचावयास सांगा. अक्षर अडले, तर नेत्रवैद्याकडे स्वतः सोबत जा.