झेब्रा मासे आणि त्यांची निगा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चारचौघींपुढे उभी राहून बोलण्याची ही पहिलीच वेळ, तेव्हा अडखळले तर सांभाळून घ्यावे. अद्रकाच्या लोणच्यावर बोल म्हटले असते तर सोपे गेले असते. पण आमच्या घरी येणारी प्रत्येक बाई आधी माशांच्या पेटीपुढे उभी राहते आणि "कालवण कधी गं?" म्हणून हसते. म्हणून तोच विषय घेतला.

ही पेटी माझ्या लेकीची. दोन फूट लांब, एक फूट रुंद, तेवढीच उंच. पन्नासेक लिटर पाणी मावते. गेल्या वर्षी ती नर्सिंग शिकायला संभाजीनगरला वसतिगृहात गेली आणि सहा झेब्रा मासे माझ्या हवाली झाले. हे मासे परदेशी नव्हेत. गंगेकडच्या ओढ्या-नाल्यांतले, 1822 साली हॅमिल्टन नावाच्या साहेबाने पुस्तकात त्यांचे वर्णन केले. दीड इंचाचा जीव, अंगावर निळे पट्टे.

मी काय केले? सणाआधी भांडी घासतात तशी पेटी घासली. आतला स्पंज नळाखाली खळखळून धुतला आणि सगळे पाणी नवे भरले. त्याच दिवशी पाण्यात टीसीएल पावडर टाकलेली होती. दिवेलागणीपर्यंत पाच मासे वर तरंगले.

लेकीचा फोन आला की मी "बरे आहेत" म्हणत असे. आठ दिवस खोटे बोलले. उरलेला एक मासा स्पंजामागे दडून बसे, दाण्याला तोंड लावीना. शेवटी राहवले नाही, सगळे सांगून टाकले. ती रागावली नाही. थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आई, एकटा आहे ना तो, म्हणून खात नाही. मीसुद्धा इथे पहिला महिना नीट जेवले नव्हते." हे तिने मला तोवर कळू दिले नव्हते. तिनेही "बरी आहे" असेच सांगितले होते.

मग तिने फोनवरून मला शिकवले. हे मासे थव्याने राहणारे. कमीत कमी सहा हवेत. पुष्कळ डोळे असले म्हणजे शत्रू लवकर दिसतो, आणि घोळक्यातला एकच मासा हेरणे त्याला जमत नाही. माशांच्या घाणीतून पाण्यात विष तयार होते. ते पचवणारे जिवाणू स्पंजात राहतात. मी तेच धुऊन टाकले होते! ते पुन्हा वाढायला महिनाभर लागतो. तोवर त्या एकट्याला चिमटीपेक्षाही कमी खाऊ घालीत आणि थोडे थोडे पाणी बदलीत थांबले.

दुकानात निऑन टेट्रा फार सुंदर दिसले. पण ते दक्षिण अमेरिकेतल्या मऊ पाण्याचे. आपल्या बोअरच्या पाण्याने तर पातेल्याला पांढरा थर धरतो. झेब्र्याला ते चालते. पाच झेब्रे आणले. सोडल्यावर तासाभरात जुना स्पंजामागून बाहेर आला आणि त्यांच्यात असा मिसळला की कोणता तो मला आजही ओळखू येत नाही.

आता दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलते. नवे पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवते. स्पंज पेटीतून काढलेल्याच पाण्यात पिळते. झाकण मात्र हवेच, हे मासे उड्या मारतात. उन्हाळ्यात पाण्याची नासाडी करते असे काहीजणी बोलल्या. त्यांना सांगते, काढलेले पाणी कढीपत्त्याला जाते, आणि तो किती फुटला आहे ते येऊन पाहा.

अंडी घातली की हे स्वतःच ती खातात. म्हणून तळाशी मुलांच्या गोट्या पसरल्या. अंडी फटीत पडून वाचली. आज अकरा पिल्ले आहेत. मोठी झाली की मागेल तिला देईन, पण एकदुकटा मिळणार नाही, सहा न्यावे लागतील. आणि नकोसे झाले तर विहिरीत वा नदीत सोडू नका, मला परत आणून द्या.